खाजनातलं मीठ धुण्याआधी मानशीची फळी बघा

मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा आणि जूनचे पहिले तीन आठवडे गोव्यातलं खाजन, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली नदीकाठची भातजमीन, कसणाऱ्यानं मानशीवर, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या पाणदारावर, डोळा ठेवावा, बाकीची कामं मागे पडली तरी चालतील. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी जुलैत कुणाचा तरी फोन येतोच. “भाऊ, रोप शेंड्याकडून पांढरं पडून जळतंय, कसली फवारणी करू?” तोवर वेळ निघून गेलेली असते.

अशाच एका फोननंतर शापोरा नदीकाठच्या खाजनात गेलो होतो. बांध दणकट होता, मेरा म्हणजे वाफ्यांचे छोटे बांध घातलेले होते, मशागत नेटकी. पण वाफ्यात जागोजाग टक्कल पडल्यासारखं रोप बसलेलं, उरलेल्या पातींची सुरळी झालेली. ओहोटीच्या वेळी मानशीत उतरून तळाशी हात घातला. सगळ्यात खालची फळी एका कडेनं कुजली होती आणि उंबऱ्याशी दोन बोटं जातील एवढी फट होती. मे महिन्यात मासळी धरणाऱ्यांनी फळ्या काढल्या, परत बसवताना खालची तशीच टेकवली, आणि वरून बघणाऱ्याला मानस बंद दिसत राहिली. महिनाभर दिवसातून दोन भरत्या त्या फटीतून आत येत होत्या. शेतकऱ्यानं तोवर खारेपणावर उपाय म्हणून जिप्समच्या पिशव्या आणून टाकल्या होत्या. त्या रिकाम्या पिशव्या बांधावर घडी करून ठेवलेल्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

ही माती काय आहे ते नीट समजलं की फळीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. वर सड्यावर जांभा दगड, त्याखाली काजूचा उतार, मग मोरड म्हणजे उंचावरची भातजमीन, त्याखाली रेताड मधली जमीन म्हणजे खेर, आणि सगळ्यात तळाला खाजन. खाजनापुढे फक्त बांध, खारफुटी आणि नदी. म्हणजे डोंगराचं गोडं पाणी वरून येतं, समुद्राचं खारं पाणी खालून दाबतं, आणि आपलं भात या दोघांच्या मधे उभं असतं. खाजनाची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. बांध आणि मानस नसती तर तिथे आज खारफुटी असती. पूर्वजांनी ती जागा नदीकडून मागून घेतली आहे आणि भरती आली की नदी ती परत मागते.

माती हातात घेतली तर चिकण, ओली असताना बोटांना लागते, वाळली की ढेकूळ दगडासारखं होतं आणि जमिनीला भेगा पडतात. वरचा वीतभर थर करडा, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके. त्याखाली निळसर काळा चिखल, काही ठिकाणी सडक्या अंड्याचा वास येणारा. हा वास ओळखून ठेवा. खारफुटीच्या जुन्या गाळातल्या गंधकाची ती खूण. तो चिखल पाण्याखाली असेपर्यंत निरुपद्रवी. नांगरानं वर आणून वाळवला की हवेशी मिळून त्याचं आम्ल बनतं आणि मातीचा सामू (पीएच) झपकन खाली येतो. ट्रॅक्टरवाला “खोल मारतो, माती भुसभुशीत होईल” म्हणाला तर त्याला थांबवा. खाजनात नांगरट उथळच हवी.

आता प्रयोगशाळेचा कागद. मृदा आरोग्य पत्रिकेवर म्हणजे कार्डावर 12 गोष्टी असतात, बहुतेक जण नत्र-स्फुरद-पालाशाकडे बघून कागद घडी करून ठेवतात. खाजनवाल्यानं आधी दोन आकडे बघावेत, सामू आणि क्षारता म्हणजे ईसी. खाजनाचा सामू बहुतेक आम्लाकडे झुकलेला येतो. पंजाब-हरियाणाच्या चोपण जमिनींसारखा साडेआठच्या वर नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पैसे वाचतील.

ईसीच्या आकड्यात दोन खड्डे आहेत. पहिला असा की प्रयोगशाळेत माती दुप्पट-अडीचपट पाण्यात कालवून ईसी मोजतात, म्हणजे मीठ पातळ होतं. मुळाभोवतीच्या ओलीतली खरी क्षारता त्याहून कितीतरी जास्त असते. भाताची सोसण्याची मर्यादा पुस्तकात 3 डेसीसायमन प्रति मीटर लिहिलेली असते ती मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून काढलेल्या पाण्याची. त्यापुढे प्रत्येक डेसीसायमनला साधारण 12 टक्के उत्पन्न घटतं, म्हणजे 7 च्या आसपास पीक निम्म्यावर. कागदावर 1.8 दिसलं म्हणून निर्धास्त राहणाऱ्याचं शेत मुळाशी या मर्यादेच्या पलीकडे असू शकतं. ईसी कुठल्या पद्धतीनं मोजली ते प्रयोगशाळेत विचारा, तो तुमचा हक्क आहे.

दुसरा खड्डा तारखेचा. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. ऑक्टोबरनंतर आभाळ मिटतं. मग सात-आठ महिने ऊन खालची खारी ओल वर खेचत राहतं आणि एप्रिल-मेमध्ये ढेकळांवर पांढरी साय धरते, बोटानं पुसली तर पिठासारखी. त्याच वाफ्याची माती ऑगस्टमध्ये तपासली तर ईसी अगदी साधी येते. एकाच जमिनीचे दोन कागद, दोन वेगळ्या जमिनींचे वाटावेत असे. म्हणून नमुन्यावर तारीख आणि वाफ्याची जागा लिहा. मानशीजवळचा, मधला आणि डोंगराकडचा असे तीन नमुने वेगळे द्या. तिन्ही एकत्र केलेत तर मधला आकडा येईल आणि तो कुठल्याच वाफ्याचा नसेल.

या तीन हजार मिलिमीटरमध्येच खाजनाचं औषध आहे. मीठ पाण्यात विरघळतं, पाऊस फुकट आहे, ओहोटी दिवसातून दोनदा मानस उघडते. यासारखी धुण्याची सोय दुकानात मिळत नाही. फक्त धुतलेल्या वाफ्यात खारं पाणी परत यायला नको.

हिशोब करून बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ. मे अखेर नदीत त्याच्या निम्मं धरा. एक हेक्टरवर वीतभरसुद्धा नको, 10 सेंटिमीटर पाणी चढलं तर ते झालं 10 लाख लिटर, आणि त्यातलं मीठ साधारण 17 टन. यातलं बरंच ओहोटीला परत जाईल, पण जे भेगांत उतरलं ते राहिलं. जुलैत नदी पुराच्या पाण्यानं गोडी होते. तेव्हा बांध फुटला तर रोप कुजेल, गाळ येईल, पण जमीन खारावणार नाही. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत नदी सगळ्यात खारी, वारा किनाऱ्याकडे, आणि त्यातच अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. या दिवसांतली गळती अख्खं वर्ष खाते.

म्हणून मानशीत उतरा. वरून बघू नका.

ओहोटीला पाणी खाली गेलं की प्रत्येक फळी कडेनं आणि तळाशी हातानं चाचपा. दाराचं झाकण भरतीच्या दाबानं आपोआप बंद होतं ते खरं, पण मधे काठी, नारळाची झावळ, प्लास्टिकची बाटली अडकली तर ते उघडंच राहतं. उंबऱ्यावरचा गाळ काढा. कुजलेली फळी या वर्षी चालेल असं म्हणू नका, बदला. मग पुढच्या भरतीला, शक्यतो रात्रीच्या, टॉर्च घेऊन आतल्या बाजूला उभे राहा. पाणी कुठून झिरपतं ते अंधारात कानाला आधी कळतं. बांधावर कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं शोधायची तीही तेव्हाच. बीळ वरून बुजवून उपयोग नाही. आतपर्यंत खणून चिकण माती ठोकून भरावी लागते, नाहीतर कुर्ली दुसऱ्या दिवशी बाजूनं वाट काढते.

आणि मासळीचं. मानशीवर जाळं लावण्याचा लिलाव होतो, त्यातून बांधाच्या डागडुजीला पैसा येतो, हे मला मान्य आहे. पण लिलावाच्या कागदावर फळ्या कुठल्या तारखेला बसवायच्या आणि त्या कोण तपासणार हे लिहिलेलं असायलाच हवं. खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेच्या बैठकीत हा विषय काढायला लोक कचरतात, शेजाऱ्याशी वाकडं नको म्हणतात. पीक गेल्यावर जे वाकडं होतं ते जास्त वाईट असतं. मी माझ्या भागात मेच्या 15 तारखेचा आग्रह धरतो. ती तारीख सरकारी नाही, माझा अंदाज आहे, पण आजवर उपयोगी पडलेला.

मानस बंद झाली की धुणं सुरू. उन्हाळ्यात उथळ नांगरून ढेकळं उघडी ठेवली असतील तर पहिल्या सरी आत मुरतात. न नांगरलेल्या जमिनीवरून पाऊस नुसता वाहून जातो, मीठ तिथंच. मेरा घालून वाफ्यात चार बोटं पाणी दोन-तीन दिवस साठवा, ओहोटीला काढून टाका, पुन्हा साठवा. जोरदार पाऊस असेल तर तीन-चार वेळा पुरतं. खिशात मावणारा ईसी मीटर गावानं मिळून एक घ्यावा. वाफ्यातल्या पाण्याचा आकडा 2 डेसीसायमनच्या खाली आल्याशिवाय मी लावणी करू देत नाही. मीटर नसेल तर जुने शेतकरी पाणी जिभेवर घेतात, मीही घेतो. आणखी एक खूण, जिला माझ्याकडे कुठलाही शास्त्रीय कागद नाही: संध्याकाळी वाफ्यातून बेडूक ओरडायला लागले की पाणी गोडं झालं असं समजतो. बांधापलीकडून ओरडत असतील आणि आत शांतता असेल तर आणखी एकदा पाणी बदलतो.

धुणं संपेपर्यंत खताचा एक दाणाही टाकू नका. मेमध्ये टाकलेली डीएपी ओहोटीबरोबर नदीत जाते, मी ती जाताना पाहिली आहे.

आता जिप्सम. विक्रेता म्हणतो, “जमीन खारी आहे ना, मग जिप्सम.” जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, जिथे सामू साडेआठच्या वर आणि मातीला सोडियम चिकटलेला. आपल्या खाजनाला आधी धुणं हवं. कागदावर सामू बघा, आम्ल असेल तर जिप्समच्या पिशवीला हात लावू नका. “मीठ मारणारी” म्हणून मिळणारी द्रवरूप औषधंही तशीच. मीठ मरत नाही, ते फक्त जागा बदलतं. सामू 5.5 च्या खाली असेल तर चुन्याचा विचार करा, पण मात्रा प्रयोगशाळेच्या बफर चाचणीवरून (चुना किती लागेल ते सांगणाऱ्या) घ्या, शेजाऱ्याचं बघून नको. पालाशाचंही तेच. समुद्राच्या संगतीनं खाजनात पालाश बहुधा भरपूर असतो. कार्डावर हेक्टरी 280 किलोच्या वर दिसला तर महागडं मिश्रखत घेण्याआधी विभागीय कृषी कार्यालयात तो कागद दाखवा. त्या पैशात फळी येते.

बियाणं: खाजनातलं जुनं क्षार सोसणारं भात कोरगुट अजून जिवंत आहे ते उगाच नाही. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनं काढलेले गोवा धानचे क्षार सोसणारे वाणही आहेत. मानशीजवळच्या वाफ्यात ज्योती किंवा जया हे नेहमीचे वाण लावू नका, ते डोंगराकडच्या बाजूला ठेवा. क्षार सोसणारं वाण म्हणजे फळीला पर्याय, असं मात्र समजू नका. रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात तेही नाजूकच असतं.

नेहमीची कामं:
- रोपवाटिका खाजनात नको, मोरडावर किंवा खेरात
- बियाणं 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून निवडणे, तरंगणारं काढून गोड्या पाण्यानं धुणे
- रोप 30 दिवसांचं, एका चुडात 3 ते 4
- अंतर 15 × 15 सेंटिमीटर
- सुधारित वाणाला हेक्टरी नत्र-स्फुरद-पालाश 100:50:50 किलो ही शिफारस, कार्ड बघून कमी-जास्त
- नत्र निम्मं लावणीला, उरलेलं फुटवे येताना आणि पोटरीत (लोंबी पोटात धरताना) विभागून
- जस्ताची कमतरता कार्डावर असेल तर झिंक सल्फेट हेक्टरी 25 किलो
- बेणणी (तण काढणं) लावणीनंतर तीन आठवड्यांनी

एवढं करूनही लावणीनंतर खारं पाणी शिरलंच तर घाबरून युरिया टाकू नका. त्याच ओहोटीला सगळं पाणी काढा, गळती बुजवा, पावसाचं पाणी भरून पुन्हा काढा. मधली पात हिरवी असेल तर रोप वाचतं. यासाठी मोरडावर थोडं जास्तीचं रोप राखून ठेवा, गेलेल्या ठिकाणी भरायला. ते 40 दिवसांचं झालं तरी चालतं.

येत्या अमावास्येच्या आदल्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे ते मासळीवाल्याला विचारून ठेवा आणि त्या वेळेला दोघंतिघं मिळून मानशीवर जा. एकट्यानं तळाशी उतरू नका, चिखलात पाय अडकतो आणि भरती थांबत नाही. सोबत एक जादा फळी, कुदळ, टोपलीभर चिकण माती आणि टॉर्च.