फुल टाइम जॉब आहे आणि कुत्रं आणायचंय? आधी या चुका टाळा

मागच्या आठवड्यात ऑफिसात एकाने विचारलं, "तुझ्याकडे कुत्रं आहे ना, आम्ही पण आणायचं म्हणतोय, दोघंही जॉबला असलो तर जमतं का गं?" मी पटकन हो म्हणणार होते, पण मग आमचे पहिले तीन महिने आठवले आणि म्हटलं चल, चहा घेऊ, सांगते. तो चहा पाऊण तास चालला. त्याला जे जे सांगितलं तेच इथे टाइप करतेय, काही चुका आमच्या आहेत, काही शेजारीपाजारी बघितलेल्या.

आमची खारी. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा म्हणून हे नाव, एका ओळखीच्यांच्या गॅरेजमध्ये झालेल्या सहा पिल्लांपैकी एक, गावठी, आली तेव्हा तीन महिन्यांची होती. आम्ही राहतो वारज्यात, माझं ऑफिस हिंजवडीला, नवरा चाकणला. पुण्यातल्या माणसाला एवढ्यावरूनच कळलं असेल की गोची कुठे झाली.

चूक पहिली: ऑफिसचे तास मोजणं

सगळे म्हणतात "नऊ तासांचा तर जॉब आहे". आम्हीही तेच म्हणत होतो. अहो पण कुत्र्याला तुमचं पंचिंग कळत नाही, त्याचा हिशोब दाराला कुलूप लागल्यापासून कुलूप उघडेपर्यंत. मी सकाळी ८.२० ला निघायचे आणि ट्रॅफिक धरून घरी यायला ७.४० व्हायचे, म्हणजे झाले ११ तास २० मिनिटं, आणि त्यात पाऊस पडला की भूमकर चौकातच अर्धा तास. वर शुक्रवारी टीम डिनर, महिन्याला एक रिलीज, वाण्याकडे दहा मिनिटं, हे सगळं वेगळं.

आता दुसरी बाजू बघा. पिल्लू जेवढ्या महिन्यांचं तेवढे तास, फार तर त्याच्यावर एक तास, एवढाच वेळ ते शू धरू शकतं असा एक ढोबळ हिशोब आहे. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तास. मोठं झालेलं, सवय लागलेलं कुत्रं सहा-आठ तास काढतं, पण काढतं म्हणजे रोज काढायला लावावं असं नाही. त्यामुळे "माझ्याकडे वेळ आहे का" हा प्रश्न नंतरचा, आधी हे ठरवा की दुपारी एक वाजता दार कोण उघडणार. त्या माणसाचं नाव सांगता येत नसेल तर थांबा. "बघू, होईल काहीतरी" हे नाव नाही.

एकट्याने झोपून राहण्याचं फार टेन्शन घेऊ नका, मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतंच. ऑफिसच्या वेळात झोपलं तर बिघडत नाही, फक्त सकाळी दमवून जायला लागतं. दमवून म्हणजे खाली नेलं, शू झाली, चला वर, असं नाही. पाऊण तास हुंगत हुंगत फिरू द्यायचं, कुत्र्याला पळण्यापेक्षा हुंगून जास्त दमायला होतं हे मला खारी आल्यावर कळलं.

चूक दुसरी: आठवडाभर सुट्टी टाकून "सेट" करणं

ही सगळ्यात गोड चूक. मी नऊ दिवस सुट्टी टाकली, शनिवार-रविवार धरून. नऊ दिवस खारी माझ्या मांडीवर, मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर बसलेली, आम्हाला वाटलं काय छान रुळलीये. आणि दहाव्या दिवशी सोमवारी आम्ही दोघंही सकाळी गायब. तिच्या बाजूने विचार करा ना, आयुष्यात पहिल्यांदा घर मिळालं आणि नऊ दिवसांत घरातली सगळी माणसं नाहीशी झाली.

संध्याकाळी शेजारच्या काकू दारातच उभ्या. "अगं दिवसभर रडत होती गं ती, मला दुपारी डोळा नाही लागला." मला खरं वाटेना, कारण मी आले तेव्हा मॅडम शांत. मग दुसऱ्या दिवशी जुना फोन चार्जिंगला लावून शोकेसमध्ये बरणीला टेकवला आणि ऑफिसमधून व्हिडिओ कॉलवर बघत बसले. साधारण सव्वाअकराची गोष्ट. खारी दाराकडे तोंड करून बसलेली, पुढ्यात माझी एक चप्पल, चावत नव्हती, नुसती त्याच्यावर हनुवटी ठेवलेली. लिफ्टचा आवाज आला की उठायची, शेपटी दोनदा हलायची, लिफ्ट वरच्या मजल्यावर निघून गेली की मान वर करून तो रडण्याचा आवाज, आणि मग परत चप्पल. चाळीस मिनिटांत सात वेळा. मी मीटिंगमध्ये कॅमेरा ऑफ केला आणि सरळ रडले.

मग काय करायचं? सुट्टी टाकाच, पण पहिल्या दिवसापासून तिला एकटं राहायला शिकवायला वापरा. दोन मिनिटं दाराबाहेर जायचं, परत यायचं, काही कौतुक नाही, रडणं नाही. मग पाच, मग दहा, मग खाली जाऊन दूध घेऊन यायचं. चावी उचलायची, बूट घालायचे आणि परत सोफ्यावर बसायचं, म्हणजे चावी वाजली की जगबुडी हे समीकरण तुटतं. नवऱ्याला हे वेड्यासारखं वाटायचं, बूट घालून टीव्ही बघत बसायचा. पण चालतं हे. आम्हाला शून्यापासून चार तासांपर्यंत यायला दीड महिना लागला, आधीच केलं असतं तर एवढा लागला नसता. वर्क फ्रॉम होम असताना पिल्लू आणणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं, दोन वर्षं माणूस चोवीस तास समोर आणि मग एक दिवस ऑफिसचा मेल येतो की आठवड्यातून पाच दिवस या.

आई आहे ना, मावशी आहेत ना

आईला, सासूबाईंना विचारल्याशिवाय त्यांच्या नावावर कुत्रं आणू नका. विचारलं म्हणजे "कुत्रं आणलं तर आवडेल का" असं नाही, तर "रोज दुपारी तुम्ही त्याला पाच मजले खाली न्याल का, पावसातही, गुडघा दुखत असतानाही" असं विचारायचं. माझ्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "मी लाड करीन, शी उचलणार नाही." मला तेच बरं वाटलं, निदान हिशोब क्लिअर.

कामाच्या मावशींचं तर त्याहून नाजूक. आमच्या आधीच्या मावशी कुत्र्याला घाबरायच्या, दोन दिवस बाहेरूनच "ताई, तिला बांधा आधी" आणि तिसऱ्या दिवशी फोनच लागेना. बरं आपण घरी नसताना त्यांच्याकडे चावी असते, त्या दार उघडतात, पिल्लू पायात येतं, त्या दचकतात, दार उघडं राहतं आणि पिल्लू जिन्यात. हे होऊ शकतं हे आधी डोक्यात घ्या. आताच्या मावशींना आम्ही आधी दोन रविवार चहाला बोलावलं, खारीशी ओळख करून दिली आणि दुपारच्या फेरीचे वेगळे पैसे ठरवले, कामाच्या पगारात घुसडले नाहीत. त्या सुट्टीवर असल्या की डॉग वॉकर येतो. म्हणजे एकाचे दोन पर्याय लागतातच, एका माणसावर सगळं टांगून ठेवलं की ज्या दिवशी तो माणूस गावाला जातो त्याच दिवशी तुमचं क्लायंट प्रेझेंटेशन असतं.

आणि मावशींना, घरच्यांना, सगळ्यांना लिहून द्या की चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा द्यायचा नाही. शिऱ्यातला एक मनुका प्रेमाने भरवतात लोक. आपल्या डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने द्यायच्या नाहीत, कुत्र्याला त्या विषासारख्या बाधू शकतात.

पिल्लूच का हवंय तुम्हाला?

माझं यावर स्पष्ट मत आहे आणि लोकांना आवडत नाही. दोघंही फुल टाइम बाहेर असाल तर दोन-तीन वर्षांचं मोठं कुत्रं दत्तक घ्या. त्याचा स्वभाव समोर दिसतो, शू धरता येते, दात येण्याचा धिंगाणा संपलेला असतो. पण सगळ्यांना रीलमधलं पिल्लू हवं असतं. विकत घेणार असाल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, त्यामुळे "लवकर घ्या, लहानपणीच लळा लागतो" म्हणणाऱ्याकडून निघून या.

ब्रीडचंही तेच. बीगल दिसायला गोड पण तो मुळात टोळीने शिकार करायला पैदा केलेला, एकटा ठेवला की असा हेल काढतो की अख्ख्या विंगला कळतं. हस्की बर्फात गाड्या ओढणारा, त्याला एप्रिलच्या पुण्यात टू बीएचकेत ठेवायचा आणि दिवसभर एसीचं बिल भरायचं, कशासाठी? पगला चपट्या नाकामुळे उन्हात धाप लागते. लॅब्रॅडॉर शांत म्हणतात, पण पहिली दोन वर्षं तो शांत नसतो, हे कुणी सांगत नाही. गावठी कुत्र्याला इथली हवा मानवते आणि केसांची फार उस्तवारी नाही, पण हुशार असतात, कंटाळा आला की डोकं चालवतात. खारीने फ्रीज उघडलाय.

भाड्याच्या घराचं काय

सोसायटीवाले "पेट अलाउड नाही" म्हणतात तेव्हा घाबरू नका, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. तो कागद प्रिंट काढून ठेवा, पण भांडणाची सुरुवात त्याने करू नका. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढच्या लिफ्टने जा आणि शी उचला, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजच्या लसीचा कागद जवळ असू द्या.

पण घरमालकाचं प्रकरण वेगळं. त्याने अ‍ॅग्रीमेंटमध्येच "कुत्रं चालणार नाही" असं लिहिलं तर तो कागद दाखवून उपयोग नाही. आणि कुत्रं बारा-एक वर्षं जगतं, आपली अ‍ॅग्रीमेंटं अकरा महिन्यांची. म्हणजे एका कुत्र्याच्या आयुष्यात तेरा अ‍ॅग्रीमेंटं, तेरा वेळा ब्रोकरला "कुत्रं आहे" हे सांगायचं. ऑनसाइटची, म्हणजे कंपनीतर्फे परदेशी जायची स्वप्नं बघत असाल तर तेही आत्ताच बोलून घ्या.

झटपट दोन-तीन

सोबत म्हणून दोन आणू? नको. एक सांभाळता येत नाहीये म्हणून दुसरं आणायचं हे गणित कुठेच बसत नाही, आधी एक नीट रुळू दे.

बाल्कनीत ठेवू? दुपारचं ऊन, खालून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकणं, आणि ग्रिल नसेल तर उडी. दिवसभर साखळीला बांधून ठेवणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्ह्यात जाऊ शकतं.

डॉक्टरच्या खेपा विसरू नका. दीड-दोन महिन्यांपासून चार महिन्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची आणि मग दरवर्षी, मध्ये जंताची औषधं. हे सगळं शनिवारीच बसवावं लागतं. लसी पूर्ण व्हायच्या आत पार्किंगमध्ये इतर कुत्र्यांत सोडू नका, पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. पावसाळ्यात गोचीड रोज बघायची, कानात आणि पायाच्या बोटांमध्ये. आणि गणपतीला गावी जायचं तर कुत्र्याचं काय, हे जूनमध्येच ठरवा. रेल्वेत ते फक्त फर्स्ट एसीत अख्खा कूपे किंवा केबिन मिळाली तरच सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. बोर्डिंगवाले सणाला आधीच फुल असतात.

आणून झालंय आणि घराची वाट लागलीये, तर

आधी कॅमेरा लावा, जुना फोन चालतो. बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच लाळ गाळत असेल, दार खरवडत असेल, खायला ठेवलेलं हुंगतही नसेल तर ती भीती आहे. वर सांगितलेलं दोन मिनिटांपासून परत सुरू करा, फारच वाईट असेल तर डॉक्टरांशी बोला, त्यावर औषधंही असतात. पण दोन तास मस्त झोपून मग उशी फाडत असेल तर तो कंटाळा आहे. त्याला उपाय सोपा: पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून रात्री फ्रीजरला टाका, सकाळी निघताना द्या. जेवण भांड्यात न देता जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, शोधू दे. शुगर-फ्री पीनट बटर मात्र नको, त्यात साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला घातक असतं.

घरी आल्यावर फाटलेली उशी दाखवून ओरडू नका. "बघा कसा चेहरा केलाय, कळतंय त्याला" असं वाटतं, पण अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हेच तपासलं होतं, तो अपराधी चेहरा गुन्हा केलेली आणि न केलेली दोन्ही कुत्री करतात, माणूस रागावला की करतात. दुपारी फाडलेली उशी संध्याकाळी त्याच्या डोक्यात नसते. ओरडलात तर एवढंच शिकतं की तुम्ही घरी येणं धोक्याचं आहे.

ठरत नसेल तर

पंधरा दिवस कुत्र्याशिवाय कुत्रं पाळून बघा. पावणेसहाला उठायचं, चाळीस मिनिटं खाली फिरायचं, दुपारी एक वाजता घरी कुणीतरी जाऊन दार उघडून यायचं, संध्याकाळी आल्या आल्या बॅग टाकून परत चाळीस मिनिटं, कुठल्याही कारणाने सुट्टी नाही. शक्यतो जुलैत करा.

आमच्या एका मित्राने आणि त्याच्या बायकोने हे केलं, पाचव्या दिवशी बंद पडले. कुत्रं आणलं नाही. आता दर रविवारी सकाळी आमच्याकडे येतात, खारीला टेकडीवर नेतात आणि येताना बेकरीतून खारीचा पुडा आणतात, माणसांसाठी. लिफ्ट त्यांच्यासाठी थांबली की तिला आतूनच कळतं, माझ्यासाठी आता ती उठतही नाही.