कागदाला उठाव दिलेली जपानी ठसाचित्रे जपताना या चुका टाळा

जपानी चित्रकार हाकु माकी (१९२४–२०००) यांच्या ठसाचित्रांतील चहाचे वाडगे आणि साके या तांदळाच्या मद्याच्या सुरया केवळ रंगाने उमटत नाहीत. भांड्याचा खडबडीत पोत आणि झिलईचा जाड ओघळ कागदातूनच वर आलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर सिमेंटचा थर देऊन ते त्यात आकार घडवत आणि ओलसर, जाड हातकागद त्यावर दाबून छपाई करत. ओल्या कागदाचे तंतू खळग्यांत ताणले जातात आणि वाळल्यावर तसेच राहतात, त्यामुळे हा उठाव नष्ट झाला तर चित्राचा गाभाच गेला असे समजावे.

सर्वांत घातक चूक म्हणजे सुरकुती किंवा डाग काढण्यासाठी कागद ओलसर करून वजनाखाली ठेवणे अथवा मागून इस्त्री फिरवणे. ओल लागताच ताणलेले तंतू सैल पडतात, वरून दाब आला की उठाव बसतो आणि नंतर तो पूर्ववत होत नाही. पुठ्ठ्यावर उष्णतेने चिकटवण्याची पद्धतही याच कारणाने वर्ज्य मानावी. उठाव अंशतः बसला असेल, तर मागून बोटाने किंवा चमच्याने तो वर ढकलू नये, कारण तसे केल्याने कागद फाटू शकतो. ते काम कागद-संवर्धकाचे आहे.

फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये. खिडकी कापलेला आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांमधला पुठ्ठा, पुरेसा जाड घ्यावा. उठाव मोठा असेल तर कडेने पट्ट्या घालून अंतर वाढवावे. मागे सेलोटेप लावू नये, तर जपानी कागदाच्या बिजागऱ्या (चित्र धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या) गव्हाच्या खळीने केवळ वरच्या कडेला लावाव्यात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर चित्र लावल्यास बुरशी धरण्याचा धोका असतो, म्हणून आतली कोरडी भिंत निवडावी. गुंडाळी करून नळीत ठेवणे तर पूर्णतः टाळावे.

प्रकाशाच्या दिशेची चूक कागदाचे नुकसान करत नाही, पण चित्र मारून टाकते. समोरून दिवा टाकला की वाडग्याची कड सपाट दिसते. तोच एका बाजूने तिरपा टाकला की तिची सावली पडते आणि भांड्याला घनता येते. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून अशाच तिरप्या उजेडातले छायाचित्र मागावे आणि पाठीमागची बाजूही पाहावी, कारण तिथले खळगे उथळ झालेले दिसले तर चित्र पूर्वी दाबले गेले असण्याची शक्यता असते.