मंजुरीच्या साखळीतून प्रस्ताव पुढे कसा न्यावा

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांत नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरची एक तक्रार ठरलेली असते: सुधारणा कितीही चांगली असली, तरी तिची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. अशा ठिकाणी नकार बहुधा कल्पनेला नसतो. काही बिघडल्यास खापर कोणाच्या डोक्यावर फुटेल हे ठरलेले नसते, म्हणून कोणी सही करत नाही. प्रस्तावात फायद्याच्या आधी या प्रश्नाचे उत्तर लिहावे.

प्रथम नियम कोणता आणि सवय कोणती, हे पाहावे. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकानुसार वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मंजूर प्रक्रिया बदलायची असेल, तर ग्राहकाच्या अटींप्रमाणे त्याला कळवून आवश्यक ती मंजुरी घ्यावी लागते. ही सावधगिरी योग्यच आहे, कारण ब्रेकचा सदोष भाग कोणाच्या तरी जिवावर बेततो. याउलट, शिफ्टच्या अहवालावर तीन सह्या कशासाठी, असे विचारल्यावर "पहिल्यापासून असेच आहे" एवढेच उत्तर मिळाले, तर ती सवय समजावी. आर्थिक अधिकारांचा, म्हणजे कोण किती खर्च मंजूर करू शकतो याचा, तक्ताही मागून घ्यावा. विभागप्रमुखाच्या अधिकारात बसणारे काम पुष्कळदा विनाकारण वर पाठवले जाते.

प्रस्तावाची नोट एका पानाची असावी आणि मागणी लहान असावी. समजा, कुलंट, म्हणजे धातू कापताना मशिनवर सोडले जाणारे थंडाव्याचे द्रव, बदलायचे आहे. सर्व सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशिनसाठी परवानगी न मागता एका मशिनवर ठरावीक दिवसांची चाचणी मागावी, आणि पुढे स्पष्ट लिहावे की चाचणीतील भागांना वेगळा टॅग असेल, ते वेगळ्या ट्रेमध्ये राहतील व क्वालिटीने सोडल्याशिवाय डिस्पॅचकडे जाणार नाहीत. फेस, गंज किंवा ऑपरेटरच्या हाताला खाज दिसताच टाकी रिकामी करून जुने कुलंट भरले जाईल, आणि तो निर्णय शिफ्टचा सुपरवायझर घेईल. माघारीची वाट अशी कागदावर आली की सही करणाऱ्याची भीती पुष्कळ कमी होते. ती भीती खरी असते आणि तिचा मान राखावा, असे मला मनापासून वाटते.

बैठकीपूर्वी क्वालिटी, पर्चेस, सेफ्टी आणि फायनान्सच्या माणसांना स्वतंत्रपणे भेटावे व त्यांचे आक्षेप शक्यतो त्यांच्याच शब्दांत नोटमध्ये घ्यावेत. तोंडी होकार मिळाल्यास "आजच्या चर्चेनुसार" अशी सुरुवात करून त्याच दिवशी मेल पाठवावा. त्यात कोणाला अडकवण्याचा सूर मात्र नसावा. मोठ्या खर्चाचा विषय मार्चअखेरीस काढू नये, पुढील वर्षाचे बजेट ठरण्यापूर्वीच मांडावा.

चाचणी फसली तरी तिचा अहवाल त्याच फाईलला जोडावा आणि पुढच्या प्रस्तावात त्याचा क्रमांक द्यावा.