बजेट गेमिंग पीसी घेताय? या चुका टाळा, नाहीतर सगळे पैसे लाईटवाल्या कॅबिनेटमध्येच जातील

मागे एकदा घणसोलीहून मावसभावाचा फोन आला, "दादा, नवा पीसी आलाय पण व्हॅलोरंट ७०-८० एफपीएसच्या वर जातच नाय, कार्ड डुप्लिकेट दिलंय वाटतं." (व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम आणि एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा.) मी म्हटलं दुकानदाराला शिव्या नंतर घाल, आधी पीसीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. फोटो आला आणि मी कपाळाला हात लावला. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टात आणि खाली ग्राफिक्स कार्डाचे सगळे पोर्ट रिकामे. एवढं आरएक्स ६६०० कार्ड आत नुसतं बसलेलं आणि गेम चालत होता प्रोसेसरच्या आतल्या छोट्या ग्राफिक्सवर. वायर खाली लावायला सांगितली, एफपीएस दोनशेच्या पुढे. मग म्हणे मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे पण तसं काय जाणवत नाय. अरे, कारण विंडोज ६० हर्ट्झवरच होतं, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलत होतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट बदलायचा, एवढंच.

मी कळव्यात राहतो, दुकान वगैरे नाही माझं, पण बिल्डिंगमधल्या आणि नात्यातल्या पोरांचे पीसी जोडून द्यायचा नाद आहे. चुका त्याच त्याच होतात आणि गंमत म्हणजे बहुतेक चुका महाग पार्टमध्ये नसतात, ज्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही त्या पार्टमध्ये असतात.

आधी गेम कुठला ते ठरवा

व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असले गेम पोरं फुल एचडीवर, सगळ्या सेटिंग लो करून खेळतात, आणि तसं खेळलं की कार्डापेक्षा प्रोसेसरवर लोड जास्त येतो. पण व्हिडिओ बघायचे मोठमोठ्या स्टोरीवाल्या गेमचे, मग सगळं बजेट कार्डात घालायचं आणि प्रोसेसर घरातला जुनाच ठेवायचा, असं चालतं. मग मॅचमध्ये धूर सोडला, चार जण एकदम आले की एफपीएस धाडकन खाली, आणि कार्ड मात्र ४० टक्क्यांवर आरामात.

याचाच भाऊ म्हणजे "आय७, १६ जीबी रॅम, गेमिंग पीसी, स्वस्तात" ही जाहिरात. आय७ ठीक आहे, पण कितव्या जनरेशनचा ते विचारा ना. आय७-२६०० हा २०११ चा प्रोसेसर आहे, ४ कोर ८ थ्रेड (एकाच वेळी किती कामं उचलतो त्याचे आकडे). आय३-१२१००एफ २०२२ चा, तोही ४ कोर ८ थ्रेडच, पण मध्ये अकरा वर्षं गेलीयेत आणि गेममध्ये हा आय३ त्या आय७ ला लांब मागे टाकतो. वर त्या जुन्या बोर्डावर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावात ७ आहे म्हणून भुलू नका.

कार्डाची छुपी भानगड

हे थोडं किचकट आहे पण यात लोक फार फसतात म्हणून नीट सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्वस्तात दिसतं. त्याला मदरबोर्डशी बोलायला फक्त ४ लेन, म्हणजे डेटा जायचे रस्ते, आहेत, पीसीआयई ४.० (कार्डाच्या स्लॉटचं ३.० पेक्षा वेगवान व्हर्जन) बोर्ड असेल तर ठीक चालतं, पण ए५२० किंवा बी४५० बोर्डावर स्लॉट ३.० चा, तिथे ते अडखळतं, कारण मेमरीही ४ जीबीच आहे, ती भरली की त्याच अरुंद रस्त्याने सारखी ये-जा करावी लागते. मग लोक म्हणतात मी बी५५० घेतो. घ्या, पण सोबत रायझन ५ ५६००जी घेतला तर परत तेच, कारण त्या जी वाल्या प्रोसेसरमध्येच पीसीआयई ३.० आहे. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर.

माझं मत विचाराल तर कार्डासाठी पैसे कमी पडत असतील तर आत्ता कार्ड घेऊच नका. ५६००जी घ्या, त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट लो सेटिंगला शंभरच्या पुढे आरामात चालतो, कार्ड पुढच्या दिवाळीला. ज्यांना पहिल्या दिवसापासून कार्ड लावायचंच आहे त्यांनी मात्र जी सोडून साधा ५६०० घ्यावा, त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, जी मध्ये निम्मी, १६. गेममध्ये हा फरक दिसतो.

रॅम एक नाही, दोन

१६ जीबीची एकच काडी घेतली की "नंतर अजून एक लावू" असं सगळे म्हणतात, आणि ते नंतर कधीच येत नाही. आणि २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे चढले की ज्यांनी थांबायचं ठरवलं ते थांबलेच. ८-८ च्या दोन घ्या. ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरला तर दोन काड्या पाहिजेतच, कारण त्याची व्हिडिओ मेमरी म्हणजे हीच रॅम, एका काडीवर त्याचा श्वासच कोंडतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, शेजारी शेजारी नाही. आणि ३२०० ची रॅम घेतली म्हणजे ती ३२०० ने पळते असं नाही हं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडने चालवणारा पर्याय, चालू करावा लागतो, नाहीतर २४०० नाहीतर २६६६ वर बसून राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसतो, आत्ताच बघा.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), म्हणजे सगळ्यांचा नावडता पार्ट

माझ्या स्वतःच्या पहिल्या पीसीत मी हाच पैसा वाचवला होता. ठाण्यातल्या एका दुकानात काचेचं कॅबिनेट, चार रंगीत फॅन आणि त्यावर "५०० वॅट" एसएमपीएस फ्री. हातात घेतला तर इतका हलका की आतमध्ये हवाच आहे की काय. डेस्कटॉपवर तासन्‌तास मस्त चालायचा, मॅच सुरू झाली की पाचव्या-सहाव्या राऊंडला खटकन रिस्टार्ट. मी विंडोज तीनदा टाकलं, रॅम बदलून पाहिली, कार्ड मित्राच्या पीसीत लावून पाहिलं तर तिथे एकदम व्यवस्थित. मित्राचा एसएमपीएस आणून लावला आणि प्रॉब्लेम गायब. त्यामुळे आता कोणीही सांगितलं की गेम खेळतानाच पीसी बंद होतो, तर आधी टेंपरेचर बघतो आणि लगेच एसएमपीएस.

आरएक्स ६६०० स्वतः १३२ वॅटच्या आसपास खातं, म्हणजे ७५० वॅटची काही गरज नाही, चांगल्या कंपनीचा ८० प्लसवाला (वीज वाया न घालवण्याचं सर्टिफिकेट असलेला) ४५०-५०० वॅट पुरतो. वॅटचा आकडा मोठा बघून घेऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते बघा. यूपीएसचंही तेच, ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यावर पीसी, मॉनिटर, राउटर आणि वर मोबाईल चार्जर लावला आणि पावसाळ्यात लाईट गेली की तो फक्त एकदा ओरडतो.

कॅबिनेटबद्दल एकच, पुढून हवा आत यायला जाळी पाहिजे, बंद काच नको. आणि घोडबंदर रोडला राहत असाल तर महिन्याला फिल्टर झाडा, तिथली धूळ मी स्वतः खाल्लीये.

दुकान आणि बिल

लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, एकदा तरी जाच, ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, फक्त रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. "बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो" याला हो म्हणू नका, बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. ट्रे प्रोसेसर (बॉक्सशिवाय सुटा विकला जाणारा) स्वस्त मिळतो पण त्याला कंपनीची वॉरंटी नसते, बॉक्समधला कूलरही नसतो, हा हिशोब धरा. सेकंडहँड कार्ड घेत असाल तर समोर लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायचं, नावाच्या आधी फेक असं आलं की हात जोडून निघायचं.

सगळं जोडून झालं, विंडोज ११ टाकलं, आणि व्हॅलोरंटने व्हॅन ९००१ किंवा ९००३ एरर दिला तर पार्ट खराब नाही. त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू लागतं. बायोसमध्ये जा, सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायचा पर्याय) बंद करा, सिक्युअर बूट चालू करा. पण थांबा, आधी डिस्क जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) आहे का बघा, एमबीआर (जुनी मांडणी) असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही आणि मग रात्री साडेअकराला मला फोन येतो.

मावसभावाचा परवा परत फोन आला होता. आता एफपीएस मस्त आहे पण गोळी लागत नाय. मुंबईत सर्व्हर, घणसोलीत घर, फायबर कनेक्शन, म्हणजे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) हसत खेळत वीस मिलीसेकंदाच्या आत पाहिजे, याचा पिंग उड्या मारत होता. राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत, मधे दोन भिंती आणि आजूबाजूच्या फ्लॅटचे वीसेक वायफाय सगळे २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे एकाच गर्दीच्या बँडवर. त्याला म्हटलं कुठलाही पार्ट बदलू नकोस, पंधरा मीटर लॅन वायर आण. आणली. पिंग शांत झाला, आता मावशीची तक्रार आहे की दारातून वायर गेल्यामुळे दार नीट लागत नाही.