मानवी हक्क आणि परराष्ट्र दबाव: सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचा

परक्या सरकारवर राजनैतिक दबाव आणला की तिथले मानवी हक्क सुधारतात का, हा विषय पीएचडीला घ्यायचाय? जरूर घ्या. फक्त वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सोपं समजू नका.

सगळे तिथेच आपटतात. १९६२ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सदस्य देशांना तिच्याशी संबंध तोडायला सांगितलं, १९७७ला सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली, १९८६ला अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार झुगारून निर्बंध लावले, १९९०ला मंडेला सुटले. तारखा ओळीने मांडल्या की प्रबंध झालाच असं वाटतं. माझा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, यावरच परत आला, आणि रास्त आला. कावळा बसला नि फांदी तुटली, याहून जास्त त्यातून काही सिद्ध होत नाही. मुळात १९६२चा ठराव बंधनकारक नव्हता. १९८५ला परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला. त्यात नीती किती आणि पैसे बुडायची भीती किती? देशातली आंदोलनं कुठे धरणार? शीतयुद्ध ओसरल्यावर गोऱ्या सरकारला दाखवायला कम्युनिझमचा बागुलबुवा उरला नाही, त्याचं काय? दबावाचा वाटा वेगळा काढता आला नाही, तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचा परीक्षक सोलून काढतो.

श्रीलंकेचंही तेच. युरोपीय संघाने २०१०मध्ये जीएसपी प्लस, म्हणजे मानवी हक्क पाळण्याच्या अटीवर मिळणारी आयात शुल्कातली सवलत, काढून घेतली, तरी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष राजपक्षे बधले नाहीत. २०१५ला मतदारांनी त्यांना घरी बसवलं आणि २०१७ला सवलत परत मिळाली. मग श्रेय युरोपीय संघाचं की मतपेटीचं? घाबरू नका, ही अडचण म्हणजेच तुमचा विषय.

गाईडचं मोठं नाव बघून भुलू नका. समारंभात दिसणारे मसुदा न उघडताच 'छान' म्हणतात. समासात खरडणारा, चिडणारा माणूस शोधा. नेट-सेटच्या कुंज्या तर लांबच ठेवा.

'वडोदऱ्यात बसून हे होतं का? त्यापेक्षा बी.एड. कर,' असं दांडिया बाजारातली आमची आत्या अजून म्हणते. होतं. संयुक्त राष्ट्रांचे ठराव, मतदान, भाषणं सगळं ऑनलाइन फुकट आहे. बसायला हंसा मेहता ग्रंथालय आहे. त्या बाई स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या.

सुरुवात भारताच्या मतांपासून करा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत २०१२ आणि २०१३ला आपण यादवी युद्धातल्या अत्याचारांबद्दल श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने होतो, २०१४ला आंतरराष्ट्रीय चौकशीवर आक्षेप घेऊन तटस्थ राहिलो. बातम्या बाजूला ठेवा. मतदानाच्या वेळी प्रतिनिधीने दिलेलं स्पष्टीकरण तिन्ही वर्षांचं काढून शेजारी शेजारी लावा.