केमिकल किट किती काढायचं? स्टोअरमधल्या पोरांसाठी हिशोब

युनिट बाहेर निघायचं ठरलं की स्टोअरमध्ये पहिला प्रश्न हाच, केमिकलचं किट, म्हणजे विषारी वायू-रसायनांच्या हल्ल्यापासून वाचवणारे सूट, मास्क, ग्लोव्ह्ज, ओव्हरबूट, किती काढायचं, आणि बहुतेक जण नॉमिनल रोल, म्हणजे माणसांच्या नावांची यादी, उघडतात, माणसं मोजतात, तेवढे सूट लिहून मोकळे होतात. तिथंच गणित फसतं. मी रिटायर होऊन बोपोडीत राहतो, स्टोअरमधली पोरं अजून फोन करून हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी समोर काय येऊ शकतं ते विचारा. सरीन हा नसांवर हल्ला करणारा विषारी माल, तो तसा लवकर उडून जातो. मस्टर्ड, म्हणजे कातडीवर फोड आणणारा माल, मात्र तेलासारखा जमिनीवर, गाडीवर, बुटांवर चिकटून बसतो, थंडीत तर कित्येक दिवस, आणि लागल्या लागल्या दुखत पण नाही, फोड काही तासांनी येतात. इराण-इराक युद्धात तो भरपूर वापरला गेला. असा टिकणारा माल असेल तर ग्लोव्ह्ज आणि ओव्हरबूट सुटाइतकेच महत्त्वाचे, तिथं काटकसर करू नका.

मास्क प्रत्येकाला स्वतःचा, कॅनिस्टर, म्हणजे मास्कला लावायचा हवा गाळणारा डबा, किमान दोन. मास्क सगळ्यांना पुरला म्हणजे झालं असं नाही, तो चेहऱ्याला बसला पाहिजे. कॅनिस्टरच्या तोंडावर तळहात दाबून श्वास आत ओढायला सांगा, मास्क गालाला चिकटला आणि तसाच राहिला तर ठीक, कडेनं हवा आली तर साईझ बदला. दाढी असली की साधा मास्क सील होतच नाही, युनिटमध्ये सरदार जवान असतील तर हवा फेकणाऱ्या हुडाची सोय आधीच बघा, निघायच्या आदल्या दिवशी नाही.

आता सूट. कार्बनवाला, म्हणजे विष शोषून घेणाऱ्या कार्बनच्या थराचा, सूट पाकीट फोडलं की म्हातारा व्हायला लागतो. अमेरिकी फौजेच्या जेएसलिस्ट नावाच्या सुटाचंच बघा, फोडल्यापासून 120 दिवस, त्यात अंगावर 45 दिवस, आणि दूषित झाल्यावर फक्त 24 तास. आपल्या सुटाचे आकडे पाकिटावर असतात ते वाचा. साध्या जवानाला एक अंगावर आणि एक सीलबंद, एवढं धरा. पण जी टोळी दूषित भागात आत-बाहेर करणार तिला हे लागू नाही, कारण बाहेर येऊन उतरवलेला सूट परत घालता येत नाही. 8 जण दिवसातून 2 वेळा आत, 5 दिवस, म्हणजे 80 सूट, फक्त आठ माणसांना! डिकॉनवाल्यांचा, म्हणजे दूषित माणसं-सामान धुऊन साफ करणाऱ्यांचा, पण असाच वेगळा हिशोब.

आणि ऊन विसरू नका, एप्रिलमध्ये दापोडीच्या मैदानावर पूर्ण किट घालून एकदा पळून बघितलं की कळतं. अमेरिकी आर्मीत पूर्ण किट असेल तर हलक्या कामाला डब्ल्यूबीजीटीत, म्हणजे ऊन, दमटपणा आणि वारा धरून काढलेल्या उष्णतेच्या आकड्यात, 10 अंश फॅरनहाइट जास्त धरतात, जड कामाला 20. म्हणजे उन्हाळ्यात पाळी निम्मी करावी लागते, पाळी निम्मी झाली की आत जायच्या फेऱ्या दुप्पट, म्हणजे वरचे 80 चे 160 झाले. हे कुणी इंडेंटमध्ये, म्हणजे माल मागायच्या कागदात, धरत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण मग पोरं थकलेल्या अंगानं तोच सूट अजून एक तास खेचतात.

साईझचं सांगतो. एका सरावाला आमच्याकडे सूट बरोबर मोजून आले पण ओव्हरबूट जवळजवळ सगळे मोठे, बारक्या पायाच्या एका पोरानं दोरीनं घोट्याला बांधून चालायचा प्रयत्न केला आणि वीस पावलांत पडला. तेव्हापासून मी लेजरला प्रत्येकाची उंची, छाती, बुटाचा नंबर लिहून घ्यायचो आणि दहा-पंधरा टक्के जादा माल काढताना एकाच साईझमध्ये नाही, सगळ्या साईझमध्ये वाटून काढायचो.

सरीनसारख्या विषावर उतारा म्हणून द्यायची अॅट्रोपिनची इंजेक्शनं किती ते मेडिकल ऑफिसरला विचारा, अंदाजानं लिहू नका, आणि एक्सपायरी स्वतः डोळ्यानं बघा.

शेवटी पाकिटं. जे फोडलं त्यावर त्याच वेळी पेनानं तारीख टाका. ज्याचं सील सुटलंय ते लाल पट्टी मारून ट्रेनिंगच्या पेटीत, ती पेटी वेगळ्या कपाटात आणि चावी एकाच माणसाकडे.