मेथड संपली की पुढचं काम: जावास्क्रिप्टमधला 'आफ्टर'

'सेव्ह' मेथड चालून झाली की लॉग लिहायचाय. तो 'सेव्ह'च्या आतच लिहिला, तर उद्या 'डिलीट'मध्ये आणि परवा 'अपडेट'मध्येही तेच चिकटवावं लागतं. झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातल्या ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अ‍ॅस्पेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग (असं ठिकठिकाणी लागणारं काम मूळ कोडपासून वेगळं ठेवायची पद्धत) मांडलं, ते नेमकं याच दुखण्यावर.

जावास्क्रिप्टमध्ये यासाठी लायब्ररी लागत नाही. मूळ फंक्शन एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि ऑब्जेक्टवर त्याच नावानं नवं फंक्शन बसवा. त्यात मूळ फंक्शन 'अप्लाय'नं बोलवा: आधी 'धिस' (ज्या ऑब्जेक्टवर मेथड बोलावली तो), मग आलेली सगळी आर्ग्युमेंट्स. मिळालेली व्हॅल्यू जपून ठेवा, लॉग लिहा, तीच व्हॅल्यू रिटर्न करा. हे बाहेरचं फंक्शन अ‍ॅरो फंक्शन नको, कारण अ‍ॅरोला स्वतःचा 'धिस' नसतो. रिटर्न विसरलात तर 'सेव्ह' बोलावणाऱ्या प्रत्येकाच्या हाती 'अनडिफाइन्ड' येईल.

खरी गोम असिंक मेथडमध्ये आहे. ती प्रॉमिस, म्हणजे 'निकाल नंतर देईन' असं सांगणारा ऑब्जेक्ट, लगेच हातात देते, काम मात्र अजून चालूच असतं. तिथे वरचाच कोड ठेवला तर रेकॉर्ड सेव्ह होण्याआधीच 'सेव्ह झालं' असा लॉग पडतो. खोटा लॉग नसलेल्या लॉगपेक्षा वाईट, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मिळालेल्या व्हॅल्यूवर 'देन' मेथड आहे का ते बघा. असेल तर जादा काम 'देन'च्या कॉलबॅकमध्ये टाका, तिथूनही मूळ व्हॅल्यू परत करा आणि 'देन'मधून मिळालेलं प्रॉमिस रिटर्न करा.

मूळ मेथडनं एरर फेकला तर पुढच्या ओळी चालणारच नाहीत. यश येवो वा अपयश, काम व्हायलाच हवं असेल तर ते 'ट्राय'सोबतच्या 'फायनली'त टाका. पण तिथे 'रिटर्न' लिहू नका, मूळ एरर गिळला जातो. आणि जादा कामाला स्वतःचा 'ट्राय-कॅच' द्याच. लॉग फसला म्हणून यशस्वी 'सेव्ह' फसल्यासारखं दिसणं मला अजिबात मान्य नाही.

डोजो ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल तर 'डोजो/अ‍ॅस्पेक्ट'मधलं 'आफ्टर' तयारच आहे. त्याच्या फंक्शनला मूळ रिटर्न व्हॅल्यू मिळते. चौथं आर्ग्युमेंट 'ट्रू' दिलंत तर मूळ आर्ग्युमेंट्स मिळतात. ते जे हँडल परत देतं, त्यावर 'रिमूव्ह' बोलावलं की जादा काम सुटतं.

क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्ट्सना हे हवं असेल तर प्रोटोटाइपवर, म्हणजे त्या सगळ्यांच्या सामायिक मेथड्स जिथे असतात तिथे, बसवा. मात्र क्लासमध्ये फील्ड म्हणून लिहिलेली अ‍ॅरो फंक्शन्स प्रत्येक ऑब्जेक्टवर स्वतंत्र असतात. त्यांना प्रोटोटाइपवरचा बदल लागू होत नाही.